छोट्या रणातली थरथरती हवा: या हिवाळ्याची नोंद

कच्छच्या छोट्या रणात यंदा मी एकच गोष्ट मनावर घेतली होती, ती म्हणजे हीट हेझ, तापलेल्या हवेच्या थरथरीने फोटो धूसर येणं. 600 मिलिमीटरची लेन्स असूनही घुडखराचा, म्हणजे इथल्या रानगाढवाचा, डोळा मऊ (अस्पष्ट) आला की आपण आधी फोकसला दोष देतो, मग लेन्सला. बहुतेक वेळा दोष मधल्या हवेचा असतो. रणात मैलोगणती सपाट, उघडी जमीन. ऊन वर चढलं की ती तापते आणि तिच्या लगतची हवा हलायला लागते. पहाटे कानटोपीशिवाय जीपमध्ये बसवत नाही अशा जानेवारीतसुद्धा नऊ-साडेनऊनंतर शंभर मीटरपलीकडचं जनावर धारदार मिळणं कठीण.

मोठी लेन्स हा यावर उपाय नाहीच. ती थरथरही मोठी करून दाखवते. अंतर कमी करणं हाच खरा उपाय, आणि तेही जीप अंगावर न घालता. घुडखरं चरत कुठल्या दिशेने सरकताहेत ते बघायचं, पुढे बाजूला जाऊन इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. शिंगरं असलेला माद्यांचा कळप लांबूनच वळतो, पण आपला इलाखा राखणारा एकटा नर पुष्कळदा स्वतःहून जवळून जातो. असाच एक नर यंदा वीसेक मीटरवर आला. पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला गडद तपकिरी पट्टा, त्याच्या कडेची फिकट किनार, ताठ आयाळीत अडकलेली गवताची काडी, पापण्यांवर बसलेली खारट धूळ. या अंतरावर हवेला बिघडवायला काही उरतच नाही.

आणखी एक गोष्ट यंदा नीट उमगली. जनावराच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो घ्यावा हे आपण सगळेच मानतो, मीही मानतो. पण जमिनीवर आडवं पडलं की आपली नजर नेमकी सर्वांत तापलेल्या थरातून जाते. म्हणून आता सकाळचा पहिला तास-दीड तास खाली, लेन्स बीनबॅगवर (भरलेल्या मऊ पिशवीवर) टेकवून, गाईडला विचारूनच. त्यानंतर जीपमध्ये उभं राहून. पार्श्वभूमी तितकी सुंदर येत नाही, पण पिसं आणि केस दिसतात. लेन्सही बाहेरच्या हवेत आधी थंड होऊ द्यावी. नाहीतर लेन्सच्या तोंडावरच्या हूडमध्येच गरम हवा अडकते आणि दोष रणावर जातो. जीपच्या तापलेल्या बोनेटवरून तर क्लिक करूच नये.

एक्स्पोजरचं गणित आता बसलं आहे. मिठाच्या पांढऱ्या जमिनीमुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फ्रेम करडी येते, म्हणून मी एक्स्पोजर प्लस दोन तृतीयांश स्टॉपवर, म्हणजे थोडं उजळ ठेवून सुरुवात करतो. मात्र घुडखराचं पोट पांढरं असतं, त्यामुळे ते जास्त उजळून तपशील जाऊ नये म्हणून हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड सतत बघावी लागते. धावत्या कळपाला शटर 1/2000 सेकंद. पॅनिंगला, म्हणजे जनावराबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घ्यायला, 1/40 च्या आसपास. पॅनिंगचा सराव इथे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारांवर झाला, तो तिकडे फार कामी आला.

हुबारा हा माळढोकाच्या कुळातला पक्षी लांबून दिसला, फोटो नोंदीपुरता आहे. शॉर्ट इअर्ड आउल हे घुबड गवतात बसलेलं होतं, पण भोवती आधीच तीन जीप होत्या, तेव्हा आम्ही थांबलोच नाही. दिवसा जमिनीवर विसावलेल्या पक्ष्याला पुनःपुन्हा उडवून मिळालेला फ्लाइट शॉट मला नको. 1960 च्या दशकात रोगाच्या साथीने इथली घुडखरं काही शेकड्यांवर आली होती. 2024 च्या गणनेत ती 7,672 भरली. संरक्षणाने एवढं साधतं, तर आपण निदान अंतर राखावं.

आता उन्हाळ्याच्या तोंडावर पखुर्ड्यांचं (सँडग्राउस पक्ष्यांचं) बघायचं आहे. पिल्लांसाठी नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पाणी नेतो, ते मला नीट टिपायचंय. अडचण अशी की चेस्टनट बेलीड पखुर्डी पाण्यावर येते ती ऊन चढल्यावर, म्हणजे हवा हलायला लागते त्याच सुमारास. त्यामुळे पाणवठ्यापासून पंधरा-वीस मीटरवर बुटकं लपण (लपून बसायचा आडोसा) हवं, आणि ते अंधारात जाऊन गाठायला हवं. अभयारण्यात त्यासाठी वनखात्याची परवानगी कशी मिळते, आणि कापडी लपणाची पखुर्ड्यांना सवय व्हायला किती दिवस लागतात, हे कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.