हॉलचा पंखा चारवरून खाली येईना

८ जून
घरचे पंखे मोबाइलवरून चालवायचा उद्योग मी घेतलाय. मागच्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं, हॉलचा पंखा झाला, आता बेडरूम. ते शब्द परत घेतो. परवापासून पंखा चार नंबरच्या स्पीडवर अडकलाय. ॲपमध्ये दोन दाखवतो, रिले (चिपच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) टकटक वाजतात, पंखा आपला फुल स्पीडने गरगरतोय. आमच्या आईचा एक हिशेब आहे: चालला की ‘आपला पंखा’, बिघडला की ‘तुझा पंखा’. सध्या तो माझा आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. पंखा जुनाच, ७५ वॅटचा, साधी इंडक्शन मोटर. रेग्युलेटरच्या जागी ईएसपी८२६६ ही वाय-फायची छोटी चिप, तीन रिले आणि दोन कंडेन्सर, २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे. एकवर २.२, दोनवर ३.३, तीनवर दोन्ही मिळून आणि चारवर कंडेन्सरशिवाय डायरेक्ट. आधी ट्रायॅकचा मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसारखा) लावून पाहिला होता. कमी स्पीडला रात्री असा काही घूं घूं करायचा की झोपेचं खोबरं झालं. कंडेन्सरला आवाज नाही.

१० जून
दोन संध्याकाळी ईएसपीहोमच्या, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरच्या, लॉगमध्ये डोकं घातलं. ते सॉफ्टवेअर परत चढवलं, राउटर रीस्टार्ट केला. लॉगमध्ये सगळं बरोबर: तिसरा, म्हणजे डायरेक्टचा, रिले ऑफ. पंख्याने मात्र लॉग वाचलेला नाही.

१२ जून
शेवटी एमसीबी पाडला, टेस्टरने फेज गेल्याची खात्री केली आणि बोर्ड उघडला. (कंडेन्सरची टोकं आधी रेझिस्टरने डिस्चार्ज करून घ्या. एमसीबी पाडला तरी आत चार्ज उरतो, आणि तो चांगला झटका देतो.) मॉड्यूल बाहेर काढून तिसऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर (आतली जुळणारी धातूची टोकं) मल्टिमीटर कंटिन्युइटीला लावला, टोकं जोडलेली असली की तो बीप देतो. रिले ओढणाऱ्या कॉइलला सप्लाय नाही, म्हणजे कॉन्टॅक्ट उघडा हवा. मीटर अखंड कोकलतोय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेच्या निळ्या डबीवर हलकेच टिचकी मारली आणि बीप बंद.

कॉन्टॅक्ट चक्क वेल्ड झाला होता.

आणि दोष माझ्या शहाणपणाचा. तीनवरून चारवर जाताना पंख्याला हिसका बसू नये म्हणून मी आधी डायरेक्टचा रिले चालू करायचो आणि मग कंडेन्सरचे रिले सोडायचो. म्हणजे काय, तर चार्ज असलेला कंडेन्सर मी थेट शॉर्ट करत होतो. २३० व्होल्ट एसीचं शिखर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास. त्याच्या जवळपास चार्ज झालेला कंडेन्सर कॉन्टॅक्टच्या नखभर धातूतून एका क्षणात रिकामा होतो. रिलेवर १० अँपिअर छापलेलं असलं, तरी हा करंट क्षणभर त्याच्या कितीतरी पट जातो. दर वेळी एक बारीक ठिणगी, आणि एक दिवस दोन्ही तुकडे एकजीव. तीनवरही तेच, एक कंडेन्सर भरलेला, दुसरा रिकामा आणि मध्ये अडवायला काहीच नाही.

१५ जून
बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. रिले बदलला. प्रत्येक कंडेन्सरला सिरीजमध्ये १० ओहमचा ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर टाकला. पंख्याचा करंट जेमतेम तिसरा हिस्सा अँपिअर, त्यामुळे फार गरम होत नाही. शिवाय प्रत्येक कंडेन्सरवर समांतर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. एकच मोठा का नाही? साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची व्होल्टेजची मर्यादा २५० च्या आसपास असते, म्हणून दोघांत वाटून दिलं. ३.३ चा कंडेन्सर यातून दोन सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो.

कोडमध्येही बदल केला: स्पीड बदलताना आधी सगळे रिले ऑफ, दोन सेकंद थांबायचं, मग नवे ऑन. हिसक्याची भीती उगाचच होती. एवढा जड पंखा दोन सेकंदांत कुठे थांबतोय! खाली बसलेल्याला कळतसुद्धा नाही.

२४ जून
पुढचं प्रकरण. पंखा आपोआप चालू होतो. आईने वेळा लिहून ठेवल्या होत्या, कॅलेंडरच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी. बहुतेक सगळ्या रात्री साडेदहाच्या मागेपुढे. तेव्हा घरात काय होतं? पॅसेजमधली जुनी तांब्याच्या चोकची ट्यूब आपण बंद करतो. दहा वेळा बंद करून पाहिली, तीनदा पंखा सुरू झाला.

आईच्या पलंगाशी बटण हवं म्हणून मी पाच मीटर वायर त्याच पाइपातून नेली होती ज्यातून फेज जातो. चोकचा झटका त्या वायरवर उमटायचा, आणि चिपला वाटायचं बटण दाबलं. ईएसपीच्या आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिनेचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) फार मवाळ. बाहेरून ४.७ किलोओहम लावला, पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर, आणि कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचा डिले. शिवाय वायर पाइपातून काढून वेगळ्या केसिंग पट्टीतून नेली. हे आधीच करायला हवं होतं. या मॉड्यूलचा सप्लाय मेन्सपासून आयसोलेटेड (ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला) नाही, त्यामुळे बटणाची ती वायर ३.३ व्होल्टची दिसली तरी तिला फेजच समजायचं. बटणही पूर्ण प्लास्टिकचं, मेन्सच्या रेटिंगचंच लावलंय.

६ जुलै
बेडरूममध्ये बीएलडीसी, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला वीज वाचवणारा पंखा आहे. त्याला रेग्युलेटर, कंडेन्सर काही चालत नाही, आतलं सर्किट पूर्ण सप्लाय मागतं. तिथे टॅस्मोटा (ईएसपीहोमसारखंच तयार सॉफ्टवेअर) चढवलेल्या मॉड्यूलचा एकच रिले फक्त ऑन-ऑफला, आणि स्पीडसाठी रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर. काम अर्ध्या तासाचं.

काल जोराचा पाऊस, लाईट ये-जा, ये-जा. सकाळी मॉड्यूल नेटवर्कवरून गायब, सगळं सेटिंग पुसलेलं. टॅस्मोटामध्ये एक सोय आहे: थोड्या थोड्या वेळाने सात वेळा सप्लाय तुटला की तो स्वतःला रीसेट करतो. पासवर्ड विसरलेल्यांसाठी असेल बहुधा, पण आमच्या पावसाळ्याचा विचार कोणी केला नाही. सेटऑप्शन६५ ला १ दिलं, सोय बंद. आयपी पत्ता हातासरशी लिहून ठेवला, तोही दुधाच्या हिशेबाशेजारी.

आता स्वयंपाकघर. बोर्ड उघडला तर आत न्यूट्रल नाही, आणि त्याशिवाय मॉड्यूलला सप्लाय मिळत नाही. हॉलच्या बोर्डाला पाच अँपिअरचा प्लग होता म्हणून न्यूट्रल फुकटात मिळाला होता, इथे नुसती तीन बटणं. पाइपातून नवी वायर ओढायला रविवारी वायरमन येतोय. हॉलचा जुना रेग्युलेटर मी भंगारात टाकायला काढला होता, तो आईने उचलून शोकेसच्या खणात ठेवलाय, स्क्रूसकट.