आमचं लोन आणि मावशींचं भाडं

मार्चात टॅक्सचं बघताना सहज डोक्यात आलं, जुन्या रेजिममधे होमलोनच्या व्याजावर मला वर्षाला 2 लाखापर्यंत वजावट मिळते आणि आमच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मावशी, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, त्यांना भाड्यावर काय मिळतं? काहीच नाही. भाड्यावर सूट आहे म्हणे, पगारदारांना एचआरएची (घरभाडे भत्त्याची) आणि बाकीच्यांना वेगळी, पण ती टॅक्स भरणाऱ्यांनाच, इथं तर हजार विड्यांवर मजुरी.

वरून भाडेकरार पण नाही. का, तर आमच्या अण्णांनाच नकोय, "कागद केला की खोली गेली" हे त्यांचं ठरलेलं वाक्य (कायद्यानं लेखी करार करून नोंदवायचा असतो, पण सांगणार कोण).

आता सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरचं बघा, विडी कामगारांसारख्या असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची स्कीम, जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी 15 हजार घरं दिली, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचे ज्याचे त्यानं भरायचे. काम भारीच झालंय, पण त्यासाठी कामगारांनी किती वर्षं मोर्चे काढले ते सोलापूरकरांना माहितीये.

मावशींच्या बहिणीला तिथं घर मिळालं. मावशी बघून आल्या, फरशीचं कौतुक झालं, मग हळूच म्हणाल्या, "विडीची पानं आणायला रोज गावात यायचं तर रिक्षाला किती जातील ओ?"