बोटं हलवून ट्रॉमा जातो होय?

ईएमडीआरचं, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली वापरून त्रासदायक आठवणींवर काम करणाऱ्या थेरपीचं, बेसिक ट्रेनिंग झालं एकदाचं. जाताना मी नाक मुरडूनच गेले होते, डोळ्यांसमोर बोटं हलवून कुणी बरं होतं का, पण डब्ल्यूएचओने 2013 मध्ये पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी या विचार-वागणुकीवर काम करणाऱ्या थेरपीसोबत याचीही शिफारस केलीय, म्हटलं बघू तरी. फ्रान्सिन शपिरोबाईंनी 1987 मध्ये सुरुवात केली, एकूण 8 टप्पे आणि ती फेमस बोटं येतात थेट चौथ्यात! आधी हिस्ट्री, तयारी, असेसमेंट. हे मला माहीतच नव्हतं, लाज वाटली.

खरी गंमत प्रॅक्टिसला. आपण एकमेकांवरच करायचं आणि आठवण खरी हवी, फक्त लहानशी. मी सातवीतलं काढलं, गणित चुकलं म्हणून फळ्यापाशी उभं केलेलं आणि अख्खा वर्ग हसलेला. त्रास 0 ते 10 मध्ये किती? मी ऐटीत 3 म्हणाले, बोलायला लागले तर घसाच दाटला, 6 तरी होता तो. "मी ढ आहे" हे वाक्य कुठून आलं काय माहीत. बोटं हलवण्याच्या चार-पाच फेऱ्यांनंतर हसणारी पोरं धूसर झाली, मग उगाच आईचा डबा आठवला, थालीपीठ. आकडा 1 वर.

डोळ्यांच्या हालचालींनी नेमकं काय होतं यावर अजून वाद आहेतच, ते आमच्या ट्रेनरनेही लपवलं नाही, बरं वाटलं.

थेरपिस्ट व्हायची माझी पाळी आल्यावर मात्र मी सारखी समजवायला जायची, सुपरवायझर मागून हळूच, "गप्प बस, त्यांचं चालू दे." बोटं हलवून हलवून खांदा अजून दुखतोय, आयोडेक्स लावून बसलेय.