मिक्सरचा आवाज थेट मोबाइलमध्ये

आज देवळातल्या कीर्तनाचं शूटिंग मोबाइलवर केलं, आवाज मात्र साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतला. कुणी करणार असेल तर वायर आधी नीट बघा. मोबाइलच्या ३.५ मिमी जॅकला तीन काळ्या रेघांची, म्हणजे टीआरआरएस पिन लागते. दोन रेघांची पिन बसते खरी, पण फोन तिला साधा हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. कळतं ते घरी आल्यावर!

दुसरी गोची लेव्हलची. मिक्सरचा लाइन आउट, म्हणजे बाहेर येणारा सिग्नल, एक व्होल्टच्या आसपास, फोनला हवे काही मिलिव्होल्ट. मध्ये ४० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, नसेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

मेन आउट म्हणजे स्पीकरला जाणारा आवाज; त्याऐवजी ऑक्स, म्हणजे मिक्सरचा वेगळा आउटपुट घ्या, तोही प्री-फेडर, म्हणजे स्पीकरचा आवाज कमी-जास्त केला तरी न बदलणारा. पखवाज आणि टाळ मुळातच मोठे, म्हणून साउंडवाला त्यांना स्पीकरवर कमी ठेवतो. मेन आउटमधून घेतलंत तर नुसते बुवा ऐकू येतात, पखवाज गायब. ऑक्सवर तो वेगळा वाढवता येतो.

अँड्रॉइडवर फोनचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माइक घेईलच असं नाही. ओपन कॅमेरा या अ‍ॅपमध्ये ऑडिओ सोर्स, म्हणजे कोणत्या माइकचा आवाज घ्यायचा ते, निवडता येतो. चार्जर काढा, नाहीतर घूं आवाज येतो. एअरप्लेन मोड लावा. मग फोनच्या माइकवर टिचकी मारून अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका: टिचकी ठळक ऐकू आली तर वायर चाललेलीच नाही.