लाळेतलं निळं टोक

आमच्या इन्सेक्टरीत, म्हणजे प्रयोगासाठी डास पाळायच्या प्रयोगशाळेत, मोजणी चुकली की कोणी घरी जात नाही. कपात किती गेले, किती मेले, किती बर्फावर आले, याची बेरीज रजिस्टरात जुळलीच पाहिजे. पांढरे कपडे, दोन दारं, मध्ये पंख्याचा झोत. नातेवाईक विचारतात, ‘डास पाळायचा पगार मिळतो?’ मिळतो, आणि वेळेवर मिळत नाही.

या खेपेला चिकुनगुनियाचे दोन विषाणू एकाच डासात सोडायचे होते. दोघांत फरक एका अक्षराचा: विषाणूच्या ई१ प्रथिनात २२६व्या जागी एकात ॲलनिन हे अमिनो आम्ल, दुसऱ्यात व्हॅलिन. हा बदल २००५-०६च्या साथीत रियुनियन बेटावर दिसला आणि २००७ मध्ये केरळात. तिथे रबराच्या मळ्यांत चीक धरायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं आणि एडिस अल्बोपिक्टस हा डास मुबलक होतो. त्या डासात व्हॅलिनवाला सरस ठरतो, हे २००७ सालीच प्रयोगांतून दिसलं होतं. आम्हाला ते आम्ही पाळलेल्या डासांवर पडताळायचं होतं.

डासांना पाजायच्या रक्तात दोघे निम्मे-निम्मे घालायचे. ऐकायला सोपं आहे. प्लाक, म्हणजे जिवंत विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले डाग, मोजून समान केले तर जनुकीय प्रती विषम निघतात, प्रती समान केल्या तर प्लाक विषम. यातली खरी समानता कोणती, यावर दोन पीएचडीवाले वाद घालत बसले आणि इकडे ३७ अंशांवर धरलेलं रक्त माझ्या जिवाला घोर. शेवटी प्लाकवर तडजोड झाली. उरलेल्या मिश्रणाचा नमुना मी न विचारता उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकून ठेवला.

दोन आठवड्यांनी लाळेचा दिवस. मादी बर्फावर गार करायची, पंख आणि पाय चिमट्याने काढायचे. पाय वेगळ्या नळीत, कारण पायात विषाणू सापडला म्हणजे तो मध्यांत्र, म्हणजे डासाचं मधलं आतडं, ओलांडून अंगभर पसरला. मग सोंड काचेच्या केशनलिकेत घालून अर्धा तास थांबायचं. नलिकेत तेल असलं तर लाळेचा थेंब दिसतो. आम्ही सीरम वापरतो, त्यात काहीच दिसत नाही. सोंड वाकली की डास वाया. नवी मुलं घाईत स्पर्शिकाच आत सारतात आणि मग ‘लाळ निगेटिव्ह’ असं लिहून मोकळी होतात. माझा हात या कामात चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

सिक्वेन्सच्या, म्हणजे जनुकीय अक्षरांच्या क्रमाच्या, आलेखात त्या एका जागी व्हॅलिनवाल्याचं टोक तांबडं येतं, ॲलनिनवाल्याचं निळं. बहुतेक लाळेत तांबडंच आलं, अपेक्षेप्रमाणे. पण काही डासांत निळं आलं, तांबड्याचा मागमूस नाही. त्यातल्या एकीच्या धडात दोन्ही टोकं होती आणि लाळेत फक्त निळं. विषाणू न घातलेले कोरे नमुने स्वच्छ होते. पुन्हा चालवलं, तेच.

सर म्हणाले, सगळं एकत्र धर, सरासरी काढ. सरासरीत तांबडा जिंकतो, पेपर होतो. पण माणसाला चावते ती एकेक मादी. रक्तातले लाखो विषाणू मध्यांत्रात गेले तरी पेशींत शिरून टिकतात ते मोजके, आणि तिथून लाळग्रंथीत पोचतात तेही मोजकेच. पोत्यात ज्वारी-बाजरी निम्मी-निम्मी असली तरी चिमटीतले चारही दाणे बाजरीचे येऊ शकतात. ज्याच्या अंगी जोर जास्त त्याला संधी जास्त, एवढंच.

अर्थात, ‘फक्त निळं’ हेही मी जपूनच म्हणते. दहा-पंधरा टक्क्यांखालचा भिडू या पद्धतीत दिसतच नाही.

आमच्याच भागातलं उदाहरण मनातून जात नाही. १९७३ साली बार्शीत आला तो चिकुनगुनिया आशियाई जातीचा. २००० साली यवतच्या डासांतून निघाला तो आफ्रिकी. २००५-०६ला देशभर पसरला तोही आफ्रिकीच. बार्शी सोलापूर जिल्ह्यातलं, यवत पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. आशियाई जाऊन आफ्रिकी आला, ही गोष्ट सांगताना सगळे विषाणूच्या ताकदीबद्दल बोलतात, चिमटीबद्दल कोणी बोलत नाही.

निळ्या नळ्या मी वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. सरांना तो खण रिकामा हवा आहे. थोडासा भिडूही दाखवणाऱ्या सखोल सिक्वेन्सिंगचा अर्ज खरेदी विभागात पडून आहे, ‘मार्चनंतर बघू’ म्हणालेत. मी डब्यावर माझं नाव आणि ‘टाकू नये’ असं लिहून ठेवलंय.