चेहरे नाहीत, यादी आहे

आमच्या संस्थेच्या पेजवर मुलांचे चेहरे का दिसत नाहीत, असं गेल्या आठवड्यात पुन्हा एकांनी विचारलं. पुण्याचे काका, दरवर्षी न चुकता मदत पाठवणारे. म्हणाले, "ताई, एखादा रडवेला फोटो टाका, मग बघा कसे पैसे येतात." ते तळमळीनेच बोलत होते, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहिते.

बीड जिल्ह्यात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. शाळेसाठी मागे राहिलेल्या मुलांपैकी काही आमच्याकडे राहतात. मी संस्थेचं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सांभाळते.

रडवेल्या फोटोला पैसे येतात, हे मलाही माहीत आहे. पण तेच पोरगं उद्या कॉलेजात जाईल आणि तिथे कुणाच्या तरी मोबाइलवर तो फोटो निघेल. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ७४ मनाई करतं. आमची सगळी मुलं त्या व्याख्येत बसतात की नाही याचा कीस आम्ही काढत बसत नाही, नियम सगळ्यांना तोच. आईबाप उसाच्या फडावर आहेत. त्यांच्या माघारी लेकराचा चेहरा पैशासाठी वापरायचा अधिकार मला कुणी दिला?

मग आम्ही टाकतो काय? यादी. सतरंज्या किती हव्यात, चौथीच्या वह्या किती, ज्वारी किती पोती, आणि कोणत्या तारखेपर्यंत. वस्तू आली की त्याच पोस्टवर सगळ्यात वर लिहितो : "गरज पूर्ण झाली, आता पाठवू नका." ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा तारीख नसलेले मेसेज पाणी ओसरल्यावरही फिरत होते. लोक जुने कपडे गोळा करतच होते. देणाऱ्याची माया अशी वाया गेलेली बघवत नाही.

नेमकं काम सांगितलं की माणसं येतात, हे आमच्या भागाने जवळून पाहिलंय. गावांनी श्रमदानाने पाणी अडवायचं, अशी पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये पहिल्यांदा तीनच तालुक्यांत झाली : वरुड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. पुढे २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरातल्या लोकांनी 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि गावात जाऊन श्रमदान करायचं, असं आवाहन होतं. एरवी व्हिडिओ बघून हळहळणाऱ्या माणसाला गाव मिळालं, तारीख मिळाली, हातात टिकाव-फावडं मिळालं. फाउंडेशनमागे मोठी नावं होती, टीव्ही होता, ते आमच्याकडे नाही. पण नेमकं मागायला टीव्ही लागत नाही.

खरं काम मात्र पैसे आल्यानंतर सुरू होतं. यूपीआयने पैसे येतात, खाली नुसतं अर्धवट नाव. त्या माणसाला शोधून फोन करायचा, पॅन किंवा आधार क्रमांक मागायचा, कारण देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र देताना देणाऱ्याची ओळख लागते. त्याच फोनवर मी सांगते, "आमचा नंबर सेव्ह करा." व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचते, हे बऱ्याच संस्थांच्या लक्षातच येत नाही. महिन्यातून एकच मेसेज : काय आलं, कशावर खर्च झालं, काय उरलं. सुप्रभातची फुलं नाहीत, सणांचे बॅनर नाहीत. लोक उत्तर देतात, खर्चाबद्दल विचारतात. किराणा वाढलेला दिसला तर भाव विचारतात. असं विचारणारा माणूस मला शंभर लाइकपेक्षा जवळचा वाटतो.

परदेशातल्या आपल्या लोकांचं एक सांगायलाच हवं. पोस्ट न्यू जर्सीपर्यंत जाते, आणि तिथली ताई लगेच विचारते, "अकाउंट नंबर दे." आमच्याकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर इथल्या खात्यातले रुपयेसुद्धा परदेशी देणगी ठरतात. आपल्याच माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो. अशाच एका ताईला मी म्हटलं, पैसे राहू देत, वेळ द्या. आता ती रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर सहावी-सातवीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. तिचा वर्ग चुकला तर मुली मला जाब विचारतात.

तर काका, फोटो नाही टाकणार. यंदाची यादी घटस्थापनेला टाकतेय. सतरंज्या मागच्या वर्षीच्या धड आहेत, त्या नकोत. स्वेटर आणि सातवीची गणिताची पुस्तकं लागतील.