गाटा लूप्सवर बदललेला डिझेल फिल्टर

मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सच्या एकवीस वळणांपैकी सातवे वळण घेताना आमच्या मोटरहोमचे पिकअप पडले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी चढ घेईना. "उंचीवर हवा विरळ असते, चालायचंच," असे मागे बसलेले काका म्हणाले. मला मात्र ते पटेना, कारण त्याच सकाळी आम्ही ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) विनातक्रार ओलांडला होता आणि गाटा लूप्स त्याहून खालीच आहेत. शिवाय जागेवर इंजिन एकसारखे चालत होते. भार पडला की तेवढे दबत होते. डिझेल पुरेसे पोचत नसल्याचीच ही खूण होती.

चूक माझी होती. काकूंना गाटा लूप्सच्या अलीकडच्या सरचूला उंची बाधली, म्हणून आम्ही जिस्पापर्यंत खाली उतरून दोन दिवस थांबलो होतो. त्या फेरीत बरेच डिझेल खर्च झाले. तांदीचा पंप तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर असूनही मी टाकी भरायला गेलो नाही, आणि पुन्हा सरचूला पोचल्यावर एका तंबूवाल्याकडून वीस लिटर कॅनचे डिझेल घेतले. ते सुती कापडातून गाळले खरे, पण कापडातून बारीक गंज आणि पाणी दोन्ही निसटतात.

रुंद जागा पाहून गाडी उभी केली, चाकांना दगड लावले आणि कॉमन रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब उतरावा म्हणून इंजिन बंद करून काही वेळ थांबलो. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करताच वाटीत आधी तांबूस गढूळ पाणी आले आणि त्यामागून डिझेल. जुना फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सोडवला, तेव्हा त्याच्या कागदाच्या घड्यांत गंजाचा गाळ चिखलासारखा बसलेला दिसला. वारा धूळ उडवत होता, म्हणून काकांनी चादरीचा आडोसा धरला. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याचा मोह अशा वेळी होतो, पण ते न गाळलेले डिझेल मधल्या छिद्रातून थेट इंजेक्टरकडे जाते. म्हणून मी तो कोराच बसवला, रबरी रिंगला तेवढे स्वच्छ डिझेल चोळले आणि हातानेच आवळला.

खरे कष्ट त्यानंतरचे होते. लाइनमधली एअर काढण्यासाठी हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप, दाबत राहायचे, आणि त्या उंचीवर वीसेक वेळा दाबले की धाप लागायची. काका न सांगता पुढे आले आणि आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. हळूहळू प्रायमर अंगठ्याखाली कडक होत गेला आणि हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूपाशी येणारे बुडबुडे थांबले. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागले. दहा मिनिटे ते जागेवर चालू ठेवून फिल्टरच्या कडेला कोरा कागद धरला; तो कोराच राहिला. सांडलेले डिझेल परातीत धरले होते, ते बाटलीत भरून सोबत घेतले, कारण त्या डोंगरावर ते ओतणे मला शक्य नव्हते.

उरलेली वळणे आणि लाचुंग ला गाडी नेहमीच्या जोमाने चढली. टाकीत मात्र तेच डिझेल होते, म्हणून पांगला पोचताच पुन्हा स्क्रू उघडला, तेव्हा वाटीच्या तळाशी मण्यांएवढे पाण्याचे दोन थेंब दिसले. शिल्लक असलेला एकमेव फिल्टर मी सीटखाली हाताशी ठेवला आणि पहाटे तांगलांग लाच्या दिशेने निघण्यापूर्वी सेपरेटरमधले पाणी आणखी एकदा काढले.